चष्मेवाले डॉक्टर आणि टकळीचे कान

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या रस्त्यावरच्या अर्ध्या लोकांना ते अजून माहीत नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना माहीत असून काही फरक पडत नाही. आमच्या मेहुण्यांचं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, समोर एक उंच खुर्ची, काउंटरवर फ्रेमांचे खण, आणि त्यामागे हे पांढरा कोट घालून उभे.

लग्न झालं तेव्हा ते दुसऱ्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यात कमीपणा काहीच नव्हता. काम चोख होतं आणि माणूस गप्प होता. पुढे स्वतःचं दुकान झालं तेव्हा त्यांनी शेजारच्या शिवणवालीकडून हा कोट शिवून घेतला, काचांची धूळ कपड्यांवर बसते म्हणून. कोट अंगावर आला आणि पहिल्याच आठवड्यात कुण्या म्हातारबुवांनी त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हटलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. तिथून सगळं सुरू झालं. डोळ्यांचा नंबर काढायला आलेला माणूस आपली गुडघेदुखीही सांगायचा, हे मान हलवायचे, आणि मान हलवता हलवता सल्ला द्यायला लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला मेहुण्यांनी समजावला.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांच्याच इमारतीत एक मजला वर राहायला आले. खाली दुकान, वर त्यांचं घर, त्यावर मी. त्यामुळे जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

लसीबद्दल मेहुण्यांचं पूर्वी काहीच मत नव्हतं. भाची झाली तेव्हा प्रत्येक लसीला हेच तिला मांडीवर घेऊन बसले होते. बहिणीला सुई बघवायची नाही, म्हणून हे धरायचे. मग ती मोठी साथ आली. दुकानं उघडी ठेवायची तर दुकानदारांनी लस घेतलेली असली पाहिजे, असा हुकूम निघाला. हे कोट घालूनच केंद्रावर गेले आणि थेट दारातून आत शिरू लागले. दारावरच्या नर्सने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ओ चष्मेवाले, मागे रांग आहे.”

रांगेत त्यांची तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. कुणीतरी हसलं. मेहुणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, लस घेतली, घरी आले आणि दंड चोळत म्हणाले, “ही हुकूमशाही आहे.”

त्या दिवशी त्यांना मत फुटलं. अक्कलदाढ फुटावी तसं, उशिरा आणि वेडंवाकडं.

त्यानंतर दुकानात नंबर काढून घ्यायला बसलेल्या माणसाची सुटका नव्हती. हनुवटी यंत्रावर टेकवलेली, डोळा काचेला लावलेला, अशा अवस्थेत माणूस वाद घालू शकत नाही. मेहुणे काचा बदलत बोलत राहायचे. “हे स्पष्ट की आधीचं स्पष्ट? ... शरीर कुणाचं? तुमचं. मग निर्णय कुणाचा? ... आता खालची ओळ वाचा.” फोनवर आलेलं काहीबाही ते छापून आणून फ्रेमांच्या खणावर ठेवायचे. त्यांचं एक वाक्य मात्र मला सगळ्यात नीच वाटायचं. ते कुणालाही लस घेऊ नका असं कधीच म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, “मी सांगत नाही घेऊ नका म्हणून. मी फक्त माहिती देतो. निर्णय तुमचा.” म्हणजे तीर यांनी सोडायचा आणि लागला तर धनुष्य दुसऱ्याच्या हातात.

सक्ती मलाही आवडत नाही. मी आयुष्यभर कचेरीत सह्या आणि शिक्के मारले आहेत. माणसाला लायनीत उभं करून खेकसण्यात साहेब लोकांना किती सुख होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. स्वतःचं डोकं चालवून, स्वतःच्या जिवावर एखादा नाही म्हणाला तर मी त्याला मूर्ख म्हणेन, पण नीच म्हणणार नाही. मेहुण्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या घरात सगळ्यांना सगळं टोचून झालं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसे हे इतरांच्या मुलांच्या जिवावर स्वतंत्र होते.

आता शिवणवालीबद्दल सांगते. दुकानाला लागून तिची खोली. पुढे शिलाई मशीन, मागे पडदा, पडद्यामागे संसार. नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातून एखाद वेळी उगवणारा. मुलगी पाच वर्षांची. तिला सगळा रस्ता टकळी म्हणायचा, कारण तिचं तोंड म्हणून बंद नसायचं. मशीनच्या खटखटीवर आवाज चढवून ती बोलायची. जिन्यात मी दिसले की माझ्या पिशवीत काय काय आहे हे मी घरात पोचेपर्यंत तिचं सांगून झालेलं असायचं. ती तान्ही असताना गोवराच्या लसीच्या दिवशी तिला नेमका ताप होता. नर्स म्हणाली नंतर या, आणि ते नंतर राहून गेलं. अशा गोष्टी राहतात. शिवणवालीच्या मनात लसीविरुद्ध काहीएक नव्हतं.

टकळीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शाळेने नियम काढला, सगळ्या लसी झाल्याशिवाय प्रवेश नाही. शिवणवाली दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन दवाखान्यात निघाली होती. जाताना दुकानाशी थांबली. डॉक्टरांना विचारलेलं बरं, म्हणून.

मी तेव्हा माझ्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला तिथेच बसले होते.

“कसली घाई आहे?” मेहुणे म्हणाले. “मूल धडधाकट आहे. धडधाकट अंगात कशाला काही घालायचं? शाळा म्हणते म्हणून?”

“प्रवेश अडेल ना, डॉक्टर.”

“अडू द्या. मी बघतो शाळेचं. अर्थात मी सांगत नाही घेऊ नका म्हणून.”

“तू जा गं,” मी शिवणवालीला म्हटलं. “ह्यांच्या मुलीला सगळ्या दिल्या आहेत.”

“ताई,” मेहुणे माझ्याकडे हसून बघत म्हणाले, “तेव्हा आम्हाला माहिती नव्हती.”

शिवणवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोटाकडे. मी निवृत्त कारकून. ती घरी परत गेली.

मेहुण्यांनी शाळेचं खरंच बघितलं. भाचीही त्याच शाळेत होती. पालकांची सभा भरली. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. आरोग्य खात्याचा एक अधिकारी आला होता. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला आणि बोलायला लागला. एका आईने विचारलं, लसीने ताप किती दिवस राहतो. साधा प्रश्न होता. तो म्हणाला, “तुम्हाला ते कळणार नाही. सांगितलं आहे तेवढं करा.” सभेतलं वारं तिथेच फिरलं. त्या माणसाला दोन शब्द नीट बोलता आले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण त्याच्यासाठी खाली गाडी उभी होती.

तो गेल्यावर मेहुणे उठले. कोट घालूनच आले होते. “आपण गुरंढोरं नाही,” असं त्यांनी सुरू केलं आणि फार वेळ बोलले. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका बाई शहाण्या होत्या, पण त्यांचा शहाणपणा वाद टाळण्यात खर्च व्हायचा. त्यांनी तोडगा काढला. ज्यांना नको असेल त्यांनी तसं लिहून द्यावं, प्रवेश अडणार नाही. पुष्कळांनी लिहून दिलं. काहींनी विश्वासाने, काहींनी आळसाने, काहींनी पुढच्याने दिलं म्हणून. शिवणवालीने मेहुण्यांकडूनच मजकूर लिहून घेतला आणि खाली सही केली.

त्या रात्री मेहुण्यांनी जेवताना तीनदा सांगितलं की लोकांना फक्त दिशा दाखवावी लागते.

थंडी संपता संपता शाळेत गोवर शिरला. आधी एका वर्गात एक मूल, मग बाकं रिकामी व्हायला लागली. मी त्या सकाळी बहिणीकडे चहाला गेले होते. मेहुणे टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी सुरी थांबवली आणि अगदी हळू आवाजात बहिणीला विचारलं, “आपल्या पोरीचं गोवराचं झालं आहे ना? दोन्ही वेळा?”

“झालं आहे,” बहीण म्हणाली. “तुम्हीच धरलं होतं.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“हं,” असं म्हणून त्यांनी लोणी कडेपर्यंत नीट पसरलं आणि टोस्ट खाल्ला. मग दुसरा घेतला. माणूस इतक्या निवांतपणे चावताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

नंतर ते खाली उतरले. मीही त्यांच्यामागून उतरले, मला बाजारात जायचं होतं. दुकानाच्या दारात शिवणवाली टकळीला कडेवर घेऊन उभी. मुलगी तापाने फणफणलेली, डोळे लाल, कानांमागे पुरळ उठायला लागलेलं. आणि गप्प.

“डॉक्टर, हे तेच आहे का?”

मेहुण्यांनी एक पाऊल मागे घेऊन तिच्याकडे पाहिलं. “असेल. गोवरच ना? आमच्या लहानपणी घरोघर यायचा. अंगातली उष्णता बाहेर पडते. अंधारात ठेवा, भरपूर पाणी द्या. घाबरू नका.”

“अहो,” मी म्हटलं, “वर काय विचारत होता आत्ता?”

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि कुलूप काढायला वाकले.

“ह्यांचं ऐकू नकोस,” मी शिवणवालीला म्हटलं. “आत्ता दवाखान्यात ने.”

“ताई, आधीच घाबरली आहे ती, आणखी घाबरवू नका,” मेहुणे खाली बघतच म्हणाले.

तिने पडदे ओढले आणि पाणी दिलं. ताप उतरेना, मुलगी धापा टाकायला लागली, तेव्हा माझी बहीण जाऊन दोघींना रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेली. नवऱ्याला तिने विचारलं नाही. मला वाटतं, लग्नानंतर त्यांना न विचारता तिने केलेली ती पहिली गोष्ट.

गोवर छातीत उतरला होता, ते बरं झालं. कान मात्र वाहायला लागले होते. महिन्याभराने शिवणवाली मशीनवर बसली होती आणि पाठमोऱ्या टकळीला हाका मारत होती. मी दारातच होते. तिने मशीन थांबवलं आणि पुन्हा हाक मारली. मुलगी चिंध्यांचे ढीग लावत बसली होती, तिने मान वळवली नाही. शिवणवालीने हातातली कात्री फरशीवर टाकली. त्या आवाजालाही नाही.

कानांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधं दिली, वाट पाहिली. थोडं परत आलं, बाकीचं येणार नाही म्हणाले. दोन्ही कानांना यंत्रं लावा.

आणि आता ऐका. आमच्या मेहुण्यांच्या दुकानात चष्म्यांबरोबर कानाची यंत्रंही मिळतात. काउंटरच्या डाव्या हाताला एक खण आहे, त्यावर हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र. शिवणवाली चिठ्ठी घेऊन शेजारीच गेली. दुसरं दुकान तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या मनात त्यांच्याविषयी काही वाकडं आलंच नव्हतं. नशीब, असं म्हणायची ती. मेहुण्यांनी टकळीला त्याच उंच खुर्चीत बसवलं. कानाचे साचे घेतले, आठवड्याने यंत्रं बसवली, बारीक चाकं फिरवून आवाज लावला. हात मोठे हलके आहेत त्यांचे, ते मान्य केलं पाहिजे.

“आता येतंय का ऐकू, बाळा?”

पंख्याचा आवाज कानात घुसला तशी टकळी दचकली आणि रडायला लागली. शिवणवालीही रडायला लागली. मेहुण्यांचे डोळे पाणावले. मी साक्षीदार आहे, खरोखर पाणावले. रुमालाने ते टिपत माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, विज्ञान कुठे जाऊन पोचलं आहे, बघा.”

काही माणसांना शिवी द्यायची तर शिवीचीच कीव येते.

त्यांनी त्या यंत्रांवर नफा घेतला नाही. हे मला माहीत आहे, कारण ते त्यांनी स्वतः सगळ्या रस्त्याला सांगितलं.

शाळेत पुन्हा सभा बोलावली. तीच बुटकी बाकं. या वेळी मुख्याध्यापिका बाईंनी सवलत काढून टाकायचं सुचवलं, तेही खाली मान घालून, जणू सवलत दुसऱ्याच कुणी दिली होती. मेहुणे उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन ओळींत माफी मागून बसेल. ते म्हणाले, साथीचं सगळ्यांनाच दुःख आहे, आपण स्वतः एका मुलीला यंत्रं बसवून दिली आहेत, पण दुःखाच्या भरात स्वातंत्र्य गमावू नये. पालकांना माहिती हवी, सक्ती नको. शिवणवाली तिसऱ्या बाकावर टकळीला मांडीवर घेऊन बसली होती. ते तिच्याकडे हात करून बोलत होते.

तेव्हा माझी बहीण उठली. ती चारचौघांत कधी बोललेली नाही. लहानपणी वर्गात उभं केलं तरी तिला घाम फुटायचा.

“आमच्या मुलीला सगळ्या लसी दिल्या आहेत,” ती म्हणाली. “ह्यांनीच तिला मांडीवर धरलं होतं. शाळेत गोवर आला त्या सकाळी ह्यांनी मला विचारून खात्री करून घेतली. मग खाली जाऊन ह्या बाईंना सांगितलं की घाबरू नका.”

एवढं बोलून ती खाली बसली. हात तिने पदराखाली घेतले.

मला वाटलं, आता झालं. आता हा माणूस मान वर करणार नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते आणि तरी माझा हा असा अंदाज. मेहुण्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “बरोबर आहे. तो आमचा वैयक्तिक निर्णय होता. तेच तर मी म्हणतो आहे.”

आणि मागच्या बाकांवरून दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

शिवणवाली उठली. टकळीला कडेवर घेऊन बाकांमधून वाट काढत बाहेर गेली. बाकांचे पाय फरशीवर करकरले, मुलीने यंत्रावर हात ठेवला. मेहुणे थांबले, त्यांना जाऊ दिलं, आणि मग वाक्य पुरं केलं.

सभेत ठरलं काहीच नाही. पुढे वरून सरकारी हुकूम आला आणि लस सक्तीची झाली. तो हुकूमही मला काही फार आवडला नाही. समंजस माणसांनी आपण होऊन करायचं ते शेवटी शिपायाच्या दंडुक्याने करावं लागलं, यात मिरवण्यासारखं काय आहे? मेहुण्यांना मात्र तो मानवला. त्यांना हुतात्मा होता आलं, आणि तेही दुकान सुरू ठेवून. “आता बोलायची सोय राहिली नाही,” असं ते दिवसभर बोलत असतात. गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. उलट मध्यंतरी शाळेच्या पालक समितीने त्यांना आरोग्याच्या विषयावर सल्लागार म्हणून घेतलं, अभ्यासू माणूस म्हणून.

बहिणीला मी एकदा विचारलं, तू राहतेस कशी ह्यांच्याबरोबर. ती भांडी पुसत होती. “ते वाईट नाहीत गं ताई,” ती म्हणाली. “त्यांना फक्त कुणीतरी डॉक्टर म्हणायला हवं असतं.” मी म्हटलं, ह्याहून वाईट काय असतं ते मला सांग. तिने ताट फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. ती आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. त्यांच्या हे लक्षात आलं आहे की नाही, कळायला मार्ग नाही, कारण ते स्वतःच इतके बोलतात.

शिवणवाली यंत्राचे सेल आणायला आता बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. बहीणही कधी कधी तिच्याबरोबर जाते. टकळी दुपारी माझ्याकडे येते. तिला ‘स’ आणि ‘श’ नीट ऐकू येत नाहीत, म्हणून बोलण्यातूनही ते गळायला लागले आहेत. आम्ही दोघी आरशासमोर बसतो. मी ओठ हलवते, ती बघते आणि तसंच करून दाखवते. कधी जमतं, कधी ती चिडून माझं तोंडच हाताने दाबून धरते. बोलायची खोड काही गेलेली नाही, तेवढी आशा आहे.

जिन्यात मेहुणे भेटले की तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणतात. कधी सल्ला असतो, कधी कौतुक. ती मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. पण त्यांची मिशी इतकी झुपकेदार आहे की ओठ दिसतच नाहीत, आणि तिला त्यातलं अक्षरही समजत नाही. तेवढं एक बरं झालं.